उसाच्या मळ्यावर, मुलीच्या मावशीबरोबर

माझी मुलगी न्यू ऑर्लीन्सला शिकायला गेली आणि दुसऱ्या वर्षापासून एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहू लागली. बाई कृष्णवर्णीय, सत्तरीच्या, एकट्या. फोनवर मुलगी त्यांच्याबद्दलच बोलायची. त्यांनी तिला भेंडीचं त्यांच्याकडचं कालवण शिकवलं, आपल्या चर्चमध्ये नेलं, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ताप आला होता हे मला आठ दिवसांनी कळलं.

ऑक्टोबरात मी टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून, आमच्या घरून, तिच्याकडे गेले. दार उघडताच मुलगी आत ओरडली, "मावशी, आई आली!"

मराठीत, मावशी! आणि बाईंनी आतून ओ दिली. मी बॅग हातात धरून तशीच उभी राहिले. दोन दिवस आम्ही मायलेकीच हिंडू, असं मनाशी ठरवून आले होते. चकल्यांचा डबा मुलीनं माझ्या हातातून घेतला आणि सरळ बाईंना दिला.

"उद्या आपण तिघी एक जुनं उसाचं प्लांटेशन बघायला जातोय," ती म्हणाली. "मावशीच्या पणजीची आई तिथे गुलाम होती. आम्ही दोघींनी जुन्या रेकॉर्ड्समधून शोधून काढलं."

आम्ही दोघींनी. माझ्या पणजीचं नाव ह्या मुलीनं कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी मुलगी चालवत होती, बाई तिच्याशेजारी पुढच्या सीटवर, मी मागे. नदीच्या कडेकडेनं रस्ता आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस. मी कोल्हापूरकडची, ऊस बघतच वाढले. तसं म्हणालेही, पण पुढे दोघींचं काहीतरी हसणं चाललं होतं.

पांढऱ्या खांबांचा मोठा वाडा आम्ही लवकर आटपला. मागे लाकडी खोपटं होती आणि त्यांच्याजवळ काळ्या दगडाची एक लांब भिंत. भिंतीवर नुसती नावं. आडनाव कुणालाच नाही. बाईंना हवं होतं ते नाव खालच्या ओळीत होतं. त्या गुडघे टेकून बसल्या आणि अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. माझी मुलगी त्यांच्या शेजारी बसली, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून. मी तिघींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत मागे उभी. एका बाईच्या खापरपणजीला माणूस म्हणून आडनावसुद्धा मिळालं नव्हतं, आणि मला वाटत काय होतं? की ही पोरगी माझ्या खांद्यावर अशी कधी टेकली होती? लाज वाटली, पण म्हणून मत्सर काही कमी झाला नाही.

पुढे एका छपराखाली लोखंडी कढया ओळीनं मांडल्या होत्या. गाईड तरुण मुलगी होती. इथे रस कसा आटवायचे ते तिनं सांगितलं. मग म्हणाली, चरकाशेजारी कुऱ्हाड टांगलेली असायची. कुणाचा हात रुळांत सापडला तर चरक थांबवण्यापेक्षा हात तोडणं सोपं पडायचं.

आणि मी बोलले, इंग्रजीतच. खरं सांगायचं तर मुलीनं माझ्याकडे बघावं म्हणूनच बोलले.

"आमच्या घरी गुऱ्हाळ होतं. अशीच काहील होती. मी सात-आठ वर्षांची असताना चरकात ऊस घालणाऱ्या एका बाईचा हात गेला."

मुलगी वळली. "तू हे कधी सांगितलं नाहीस! मग? हॉस्पिटलला नेलं?"

"नेलं असेल. घरात बोलणं झालं ते वाया गेलेल्या आदणाचं. रसात रक्त गेलं, एक काहील गूळ ओतून द्यावा लागला ना. पुढे ती आमच्याकडेच अंगण झाडायची. उरलेल्या हातानं मला गरम गूळ भरवायची."

"तिचं नाव काय, आई?"

मी तोंड उघडलं, पण नाव आलं नाही. "आम्ही सगळे तिला थोटी म्हणायचो," मी म्हणाले.

मुलीला शब्दाचा अर्थ सांगावा लागला. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचं लक्ष हवं होतं ना मला? मिळालं, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

बाईंनी हळूच विचारलं, "तिला मुलं होती?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

परत येताना बाई आपण होऊन मागच्या सीटवर बसल्या आणि मला पुढे बसवलं.

फ्रिस्कोला आल्यावर मी गावी थोरल्या भावाला फोन केला. तो वैतागला. "तुला काय करायचंय आता तिचं?" पण तीन दिवसांनी त्यानंच फोन करून नाव सांगितलं. ती कधीच गेली. तिची एक मुलगी गावातच असते, अंगणवाडीत मदतनीस आहे. मी ते सगळं माझ्या मुलीला कळवलं.

तिचा लगेच फोन आला. "आई, डिसेंबरमध्ये आपण तिच्या मुलीला भेटायला गावी जाऊ या. तू आणि मी." माझा जीव सुपाएवढा झाला. मग ती म्हणाली, "आणि मावशीला पण नेऊ या? तिला यायचंय."

मागे बाईंच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजत होती. मी हो म्हणाले. पण म्हणायला जरा वेळ लावला, आणि तो मुलीच्या लक्षात आला असणार.