कवळीताईची शिसारी

दवाखान्यात सगळे तिला कवळीताई म्हणत. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिथं बसून ती बावीस वर्षं कवळ्या करत आली होती. जबड्याच्या मापात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचं. दुरुस्तीला आलेल्या कवळ्याही तिच्याच गळ्यात. कुणाच्या कवळीत चार दिवसांचं अन्न अडकलेलं, कुणाच्या कवळीवर तंबाखूचा थर. ती हसत हसत धुवायची.

आई गेली आणि चारच महिन्यांत सगळं उलटंपालटं झालं.

एका सकाळी तिनं डबीतून कुणाची तरी कवळी उचलली. बोटांना बुळबुळीत लागलं आणि तिच्या पोटात असं ढवळलं, की तिला मोरीकडे धावावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती हातमोज्यांवर हातमोजे चढवू लागली. आधी दोन जोड्या, मग तीन. काम झालं की हात इतके घासायची, की बोटांची पेरं फुटून रक्त यायचं.

किळस दवाखान्यात थांबली असती तर एक वेळ निभावलं असतं. पण ती घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसली. नवरा घास चावायचा आणि हिला फक्त त्याचा ओला, हलणारा जबडा दिसायचा. मचमच, मचमच. ती ताट घेऊन ओट्यापाशी उभ्यानं जेवू लागली.

"बावीस वर्षं लोकांच्या तोंडातल्या कवळ्या धुतल्या, आणि आता घरच्यांना नाकं मुरडतेय!" नणंद म्हणाली. "रिकामपणाचे नखरे."

एका संध्याकाळी कॉलेजातून आलेल्या लेकीनं मागून गळ्यात हात टाकून तिच्या गालाचा मुका घेतला. हिनं तत्क्षणी पदरानं गाल पुसला. वळून बघते तर लेक तशीच उभी, चेहरा पडलेला. त्या रात्री तिला स्वतःचीच सगळ्यांत जास्त शिसारी आली. लेकीनंच मग मानसोपचार करणाऱ्या बाईंची वेळ घेतली.

त्या बाईंना नेमकी सर्दी झालेली. त्या नाक पुसत होत्या आणि कागदी रुमाल टोपलीत टाकत होत्या. कवळीताईची नजर त्या टोपलीवरून हलेना.

"काय होतं तुम्हाला?"

"माणसांची घाण वाटते."

"माझीसुद्धा?"

"तुमची तर फारच."

बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी टोपली टेबलाखाली सरकवली. "किळस म्हणजे शरीराचा पहारेकरी," त्या म्हणाल्या. "नासकं पोटात जाऊ नये म्हणून तो ओरडतो. तुमचा पहारेकरी मात्र घरच्यांनाच चोर समजायला लागलाय. तुम्ही पळालात, हात घासलेत, की त्याला वाटतं, बरोबर ओरडलो. म्हणून न पळता थोडं थोडं थांबायला शिकायचं."

नुसत्या बोलण्यानं कुठं काय होतं, असं मनाशी म्हणत ती जात राहिली. चौथ्या खेपेला विषय आईवर आला. शेवटी शेवटी आईच्या तोंडात फोड आले होते. वास असा, की खोलीत पाऊल टाकणं जिवावर यायचं. कापसानं तोंड पुसायचं काम हिचंच. एकदा आईनं काही सांगायला तिला जवळ ओढलं आणि हिनं झटकन तोंड फिरवलं.

"तिनं पाहिलं," कवळीताई म्हणाली. "तेव्हापासून मी आत गेले, की ती चादर तोंडावर ओढून घ्यायची."

"तोंड फिरवलंत. मग काय केलंत?"

"काय करणार? वळले. कापूस घेतला, पुसलं."

"किती दिवस?"

"एक्क्याण्णव."

"आणि किळस?"

"रोज यायची."

कवळीताई उठली ती तडक घरी आली. परक्या बाईनं आपल्या पोटातलं उपसून काढलं याचा तिला इतका तिटकारा आला, की दोन आठवडे ती तिकडे फिरकली नाही. तिसऱ्या आठवड्यात आपणहून गेली.

मग सराव सुरू झाला. नवऱ्यासमोर पाच मिनिटं बसायचं, उठायचं नाही, किळस दहापैकी किती ते सांगायचं. "मी काय रोगी आहे?" म्हणून नवरा आधी चिडला. नंतर इतका इमानदार झाला, की प्रत्येक घासाला विचारू लागला, "आता चावू का?" पहिल्या आठवड्यात नऊ, महिन्यानं सात, मग पुन्हा आठ. हातमोजे मात्र तीन जोड्यांवरून एका जोडीवर आले. पेरं भरली. लेकीला तिनं एके दिवशी स्वतःच जवळ घेतलं. लेकीनं मुका घेतला, किळस आली, पण हिनं गाल पुसला नाही.

परवा एक आजोबा आले. कवळी गटारात पडली होती, ती त्यांनी दोन दिवसांनी काढून पिशवीत घालून आणली होती. पिशवी उघडताच कवळीताईच्या घशाशी आलं. पुन्हा सुरू झालं की काय, या धास्तीनं तिनं डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी पिशवीत डोकावलं, "ईऽ!" करून नाक दाबलं आणि ते थेट बाहेरच्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

कवळीताईला इतका आनंद झाला, की आजोबा बावचळून बघतच राहिले. तिनं एकच जोडी हातमोजे चढवले आणि नळ सोडला.