विहीणबाईंचे पाय

ये गो, अशी जवळ बस. इतक्या महिन्यांनी तोंड दाखवलंस आणि दारातूनच 'बरी आहेस ना' विचारून पळायला बघतेस? चहा होईस्तोवर माझ्या पेणच्या विहीणबाईंचं ऐक. पेणपासून रोह्यापर्यंत त्यांच्याइतकी हट्टी बाई जन्मली नाही, आणि हे कोण सांगतंय, तर मी, जिच्या हट्टापायी घरातल्यांनी हात टेकले.

माझ्या लेकीच्या लग्नात त्यांनी माझी करंजी उजेडाकडे धरून पाहिली आणि 'आत सारण आहे वाटतं' एवढंच म्हणाल्या. त्यांच्या हातचे पोह्याचे पापड मात्र, काय सांगू! तोंड माझी उणीदुणी काढण्यात गुंतलेलं असायचं, आणि हात आपले आपल्या तालात लाटत असायचे. ना तोंड चुकायचं, ना पापड.

मग केव्हातरी पाय अडायला लागले. चालत चालत दाराशी आल्या की जागच्या जागी खिळायच्या. अंग निघालंय पुढे, पाय मागेच. जावई म्हणायचा, आईचं नाटक आहे. त्याचंही काय चुकलं? स्वयंपाकघराच्या दारात अडकलेली हीच बाई अंगणात वाळत घातलेल्या पापडांच्या रांगा ओलांडत, एकालाही पाय न लावता, टणाटण पलीकडे जायची. शेवटी डॉक्टरांनी उलगडा केला. मेंदूत खोल आत एक जागा असते म्हणे, ती पायांना 'आता उचल' असा वेळेवर इशारा देते. यांची ती जागा मंदावली आहे. पण ओलांडायला समोर काही दिसलं की मेंदू दुसऱ्या वाटेने हुकूम धाडतो. विहीणबाईंनी मला हे फोनवर त्यांच्या भाषेत सांगितलं, "गाडी हाय, रूळ हाय, डायवरपण हाय. स्टेशनमास्तर तेवढा झोपलाय."

तेव्हापासून घरभर फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. बाहेर गेलं की जावयाने आपला पाय आडवा घालायचा आणि त्यांनी तो ओलांडायचा. पेणच्या बाजारात एका भाजीवालीने हे पाहिलं आणि म्हातारीला पाडतो म्हणून त्याला असा झापला की बिचारा मेथी न घेताच परतला. विहीणबाई खुशाल मजा बघत उभ्या.

मग आमच्या नातीचा साखरपुडा ठरला, इथेच रोह्यात, एका हॉलात. जावई चाकांची खुर्ची घेऊन आला होता. विहीणबाईंनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चपला दाराशी काढल्या, आत पाऊल टाकायला गेल्या आणि अडल्या. समोर लांबच लांब गुळगुळीत फरशी, तिच्यावर एक रेघ नाही. मागे पाहुणे खोळंबलेले, पुढे मुलाकडची मंडळी टक लावून बसलेली. जावयाने खुर्ची उघडली. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. जन्मात माझ्याकडे काही न मागितलेली बाई हळूच म्हणाली, "विहीणबाई, आज यात बसले, तर उद्या मला उठवणार कोण?"

मला काय सुचलं कोण जाणे. दाराशी पडलेल्या चपला दोन्ही हातांनी उचलल्या आणि थेट नातीच्या पाटापर्यंत त्या फरशीवर आडव्या मांडत सुटले. मुलाच्या आईच्या जरीच्या, भटजींच्या रबरी, मुलाच्या मामांचे बूट, हाताला येईल ते. भटजींचा मंत्र तोंडातच राहिला. आणि आमच्या बाई निघाल्या की! एकेक चप्पल ओलांडत, मान ताठ. मामांच्या बुटापाशी जरा थांबल्या, मला वाटलं पुन्हा अडल्या. तर म्हणतात, "पॉलिश नाय वाटतं." आणि नातीच्या पाठीवर हात ठेवायला आपल्या पायांनी पोचल्या. जेवणं झाल्यावर जो गोंधळ झाला तो विचारू नकोस. मामा एक बूट आणि एक कोल्हापुरी घालून घरी गेले. मुलाची आई अजून माझ्याशी मोजकंच बोलते.

आता मात्र त्यांची जीभही अडते गो. बोलता बोलता वाक्य मध्येच थांबतं. परवा फोनवर 'तुम्ही' म्हणाल्या आणि पुढचं येईचना. पूर्वी मी तेवढ्यात माझं घोडं दामटलं असतं. आता गप्प बसून राहिले, म्हटलं येऊ दे सावकाश. बऱ्याच वेळाने आलं, "तुम्ही... या."

रविवारी जातेय मी पेणला. बाईंना माणसं हवी असतात समोर. तूही ये. लवकर ये गो.