नळाची बारीक धार आणि माझा निनावी अर्ज

विषय : स्वयंपाकघरातील नळास पाणी बारीक येत असलेबाबत.
संदर्भ : माझाच निनावी अर्ज.

नोकरी सुटली तरी सवय सुटत नाही, त्याला काय करू? सांगायची आहे ती माझी फजिती. फार हसू येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

यवतच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीत मी तीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त झालो, पाठोपाठ बायको गेली. त्यानंतरच्या सहा महिन्यांत नळाची धार करंगळीएवढी होती ती सुतळीएवढी झाली, मग थेंबांवर आली. चहाचं भांडं भरेपर्यंत चहाची इच्छा मरायची.

मी निदानाला लागलो. वायसर बदलला. पाइपावर पकडीनं ठोकून पाहिलं. शेवटी बाहेर डोकावलो, तर शेजारी हमीदभाईंच्या दारात हंडा मिनिटात भरत होता. लाइन एकच, मग तिथं धो धो आणि इथं थेंब? म्हणजे हा गृहस्थ नळाला मोटार लावतो. दुसरं काय असणार!

तीस वर्षांचा शेजार. तोंडावर विचारायचं धाडस झालं नाही. अर्ज लिहिला, खाली सही ‘एक त्रस्त नागरिक’. असले अर्ज मी जन्मभर टोपलीत टाकले. माझा मात्र कुणी टाकला नाही. शिपाई आला, गच्चीवर पाणी चढवायची मोटार त्याला परसात दिसली, आणि हमीदभाईंचं कनेक्शन तोडून गेला.

दुसऱ्या दिवशी हमीदभाई रिकामा हंडा घेऊन माझ्याच दारात.

“आप्पा, कुणीतरी काडी केली बघा. कनेक्शन परत जोडायचा अर्ज तुम्हीच लिहून द्या. तुमच्यावानी लिहिणारं गावात हाय कोण?”

मी लिहायला बसलो. ते हंडा घेऊन आत गेले.

“आप्पा, ह्ये फडकं कवा धुतलं होतं?”

नळाच्या तोंडाला गाळणी म्हणून बांधलेलं, माझ्याच जुन्या धोतराचं चार पदरी फडकं. रोज डोळ्यांसमोर होतं, म्हणून दिसत नव्हतं.

“वहिनी दर सोमवारी धुऊन कुंपणावर वाळत घालायच्या,” हमीदभाई म्हणाले. शेजाऱ्याला माहीत होतं. मला नव्हतं.

त्यांनी गाठ सोडली. गाळाचा गोळा पडला आणि अशी धार आली की त्यांचा सदरा भिजला. ते हसले. मी मान खाली घालून शेवटची ओळ लिहिली : ‘अर्जदार निर्दोष आहे.’

अर्ज द्यायला मीच गेलो. माझ्या जागेवरचा कारकून माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“आप्पा, आदी मोटार लावतो म्हंता, आता लावत न्हाई म्हंता. अक्षर एकच हाय. ह्यातला कुठला खरा धरू?”

“दुसरा.”

“मग पहिला देणाऱ्याचा लेखी जबाब लागंल. हमीदभाईंच्या समोर. तुम्हीच शिकवलंय.”

तो जबाब मी अजून दिलेला नाही. हमीदभाई रोज सकाळी माझ्याकडून दोन हंडे नेतात, जाताना आभार मानतात. फडकं दर सोमवारी तेच धुतात.

अर्ज प्रलंबित आहे.