भूलमामा

भूलमामांच्या अंगाला इथरचा इतका उग्र वास येई की पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला माणसं कचरत. कारंज्याच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. ऑपरेशनच्या वेळी रोग्याला भूल द्यायचं काम त्यांचंच, म्हणून हे नाव. अंगानं काडीपहिलवान, पण भूल देताना डॉक्टरांनाही दटावत.

भूल चढते का ते बघायला बायकांना ते आकडे मोजायला लावत नसत. नवऱ्याचं नाव घ्यायला सांगत. बाई आधी लाजायची, मग उखाणा सुरू करायची. उखाणा विसरून नुसतं नाव तोंडातून निघालं की मामा डॉक्टरांकडे बघून 'चढली' अशी मान हलवत. शुद्धीवर आल्यावर एखादीनं घाबरून विचारलंच, तर म्हणत, "तुमी काईच नाई बोलल्या, बाई." इतकं धडधडीत खोटं बोलणारा इतका सज्जन माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझ्या आईच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा मला पाचवा महिना होता. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर अकोल्याहून महिन्यातून एकदाच येत. त्या सकाळी मामांनी आईला विचारलं, "खरं सांगा, पोटात अन्न कधी गेलं?"

आई माझ्याकडे बघेना. "चार दिवस झाले. निस्त्या पाण्यावर हाव. देवीले बोलली होती मी."

मी वाढलेलं ताट ती रोज गुपचूप गाईला घालत होती! मला रडू आलं, आणि रागही.

क्लोरोफॉर्म झटपट चढतो. डॉक्टरांना दुपारची गाडी गाठायची होती, म्हणून त्यांना तोच हवा होता. मामांनी ती बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"उपाशी माणसाले हे सोसत नाई, साहेब. मांग एक बाई यानंच पिवळी पडून गेली. इथर देतो. वेळ लागन."

"आणि माझी गाडी?"

"गाडी उद्या बी येते. बाई गेली तं येत नाई."

महिनाभर थांबायची सोय नव्हती. गाठ वाढतच होती. डॉक्टर लालबुंद झाले, पण इथरला कबूल झाले. त्यांची गाडी चुकलीच.

आई दोन दिवस खोकली, ओकली. मामा रोज येऊन तिच्या डोळ्यांत पिवळेपणा शोधत. तो आलाच नाही. चौथ्या दिवशी तिनं भाकर मागितली, तेव्हा मामाच माझ्याआधी हसले. "आता उपास धरला तं देवीपाशी मी चुगली करीन," म्हणाले.

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला गेले, तर ते मागे सरकले. "वाकू नको पोरी, पोटात लेकरू हाय."

माझं बाळंतपण होण्याआधीच त्यांची बदली झाली. कुठं, ते कळलं नाही. मुलगी झाल्याचं त्यांना सांगायचं राहिलं, याची चुटपुट अजून जात नाही.

मुलीला पहिलं तेल आईनंच लावलं. ऑपरेशनपासून आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पण पायांवर घेतलेल्या लेकराला तेल लावायला हात वर न्यावाच लागत नाही.