सुभेदारसाहेबांचे कान

ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाच ऐकून घ्यायचं नसतं, हे सदर भागातल्या माझ्या श्रवणयंत्रांच्या दवाखान्यात मला रोज दिसतं. पण हुडकेश्वरच्या सुभेदारसाहेबांइतक्या निष्ठेने न ऐकणारा माणूस अख्ख्या नागपुरात नसेल. एकाहत्तरच्या लढाईत ते तोफेवर होते. तोफेने दोन्ही कान नेले, पण तिच्यावर त्यांचा काडीचा राग नव्हता. "तिनं तिचं काम केलं, म्या माहं केलं," असं ते सांगत, आणि ते रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू जाई.

पहिल्यांदा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना जवळजवळ ओढतच आणलं. तपासणीच्या बंद खोलीत बसवून, आवाज आला की बटण दाबा, असं मी खुणांनी समजावलं. साहेब आवाज नसतानाही दाबतच राहिले. काहून, असं कानाशी ओरडून विचारल्यावर माझी कीव करत म्हणाले, "दुश्मन काय आवाज देऊन येते काय वं पोरी? तयार राहा लागते." यंत्राचं नाव काढताच ते उठले. "कान देशाले देले. देलेली चीज वापस मागत नसतात." तरी काकू हार मानत नसत, दर दोन-चार महिन्यांनी त्यांना घेऊन येत. आम्ही दोघी खल करत असताना साहेब बाहेर चपला रांगेत लावत, पोक काढून बसलेल्या पेशंटना ताठ करत. एका निवृत्त प्राचार्यांना त्यांनी पोट आत घ्यायला लावलं होतं, आणि प्राचार्यांनी घेतलंही. तपासणीला घाबरून रडणाऱ्या एका आजीबाईंसाठी मात्र ते खोलीच्या दाराशी पहाऱ्याला उभे राहिले, त्या बाहेर येईपर्यंत.

मग काकूंना अर्धांगवायू झाला. साहेब एकटेच आले. चपला तशाच सोडून समोर बसले.

"थे बोलते, पण आवाजच निघत नाही तिचा," ते म्हणाले. "काल पाणी मांगून राहिली होती. मी खिडकी उघडत होतो, बंद करत होतो. शेजारीण आली, तिनं सांगतलं." मग हात पुढे करून म्हणाले, "मशीन दे पोरी."

यंत्र लावल्यावर पहिले काही दिवस हाल झाले. पंखा, ऑटोचे हॉर्न, भांडी, सगळं एकदम अंगावर आलं. "तोफ परवडली, पण फोडणी नाही," असं ते म्हणाले. स्वयंपाक आता त्यांच्याकडे होता. पण यंत्र त्यांनी काढलं नाही. बंदूक पुसावी तसं रोज पुसत.

गेल्या महिन्यात यंत्र तपासायला मी त्यांच्या घरी गेले. साहेब काकूंना चमच्याने वरण-भात भरवत होते आणि काहीतरी सांगत होते, इतक्या हळू, की मलाच कान द्यावा लागला. स्वतःचा आवाज ऐकू यायला लागल्यापासून तो आपोआप खाली आला होता. मी काकूंना म्हटलं, "साहेबांचा आवाज किती मऊ आहे, मला माहीतच नव्हतं."

काकू अडखळत, एकेक शब्द गोळा करत म्हणाल्या, "लढाईवर जाच्या आंधी... हे असेच बोलत जाय."

साहेबांना ते ऐकू आलं. त्यांनी चमचा वाटीत ठेवला, पदराने काकूंची हनुवटी पुसली आणि बराच वेळ तो पदर हातातच धरून बसले.