मठात धाडलेला भाऊ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कन्फेशनमध्येही नाही — तिथे पलीकडे फादर बसतो, आणि माझा सख्खा धाकटा भाऊच फादर आहे. कसं सांगणार?

परवा इथे आखातात, आमच्या अल गराफाच्या घरी मुलगी शाळेचा प्रोजेक्ट करत होती. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा फ्रान्सचा कुणी सरदार — त्याची जमीन, त्याचं कुटुंब. बाप मेल्यावर त्याने धाकट्या भावाचं मुंडण करून त्याला मठात धाडलं. मठात गेलेल्याला जमिनीत वाटा नाही, खलास! पुढे त्याच जमिनीपायी सरदाराच्या मुलांनी एकमेकांचे डोळे काढले. जेवताना तिने हे सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बट पापा, हिज ब्रदर जस्ट वेंट?"

मी तिला आधी ताट संपवायला सांगितलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आमच्याकडे वसईत फादर झालेला भाऊ वाडीत, म्हणजे घरच्या बागायतीत, वाटा मागत नाही. तशी रीतच आहे. धाकटा लॉरेन्स तेव्हा सेमिनरीत फादर व्हायला शिकत होता, पण तिथून त्याचं मन उडालं होतं. त्याला लग्न करायचं होतं — आणि इकडे वाडीच्या मागे बिल्डर लागले होते. तेवढ्यात आय गेली. शेवटी तिच्याजवळ मी एकटाच होतो. ती म्हणाली, "लॉरेन्सला घरी आण. त्याचं मन नाही तिथे." स्पष्ट म्हणाली. आणि मी — मी काय सांगितलं त्याला? आय म्हणाली, देवाचं काम सोडू नको.

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझी तर अडखळलीसुद्धा नाही. तो आयच्या पायाशी बसून रडला आणि परत गेला. वाडी मी विकली.

तो आयच्या त्या शब्दांवर जगतो — जे ती बोललीच नाही. खचला, की तेच पुन्हा ऐकायला मला फोन करतो. हल्ली फार वेळा करतो. लांबच्या एका पॅरिशमध्ये, तिथल्या चर्चच्या घरात एकटा असतो, झोप लागत नाही म्हणतो. त्याच्या आवाजाची मला भीती वाटते.

गुरुवारी मी वेस्ट बेच्या ऑफिसात होतो. धुळीने समोरचा टॉवर दिसत नव्हता. फोन आला. "दादा, आय नक्की तसंच म्हणाली होती ना?"

"हो रे. आणि म्हणताना हसली होती."

हे हसणं मी नवीनच जोडलं. का? कुणी मागितलं होतं?

तो नुसता "बरं" म्हणाला.

तेव्हापासून रिंग जाते, तो उचलत नाही. उद्या उचलला, तर खरं सांगेन का मी? नाही. मी मला ओळखतो — नाही सांगणार.