मल्लेशचा आपोआप पासवर्ड

सोनपेठच्या आमच्या सेवा केंद्रात मल्लेश हा एकमेव हुशार माणूस. हे मी म्हणत नाही, तो म्हणतो. मी नुसती शेजारी बसून लोकांचे अर्ज भरते आणि ऐकते.

लोकांची स्कॅन केलेली कागदपत्रं परभणीच्या मशीनवर असतात. तिथलं फोल्डर एसएसएच नावाच्या सुरक्षित जोडणीने इथल्या कॉम्प्युटरला जोडलं की ते इथलंच असल्यासारखं उघडतं. जोडताना चोवीस अक्षरी पासवर्ड लागतो. तीन वर्षं तो धोंडप्पाकाका टाकायचे. सकाळी आंघोळ, तळहातावर इष्टलिंगाची पूजा, मग केंद्रात येऊन दोन बोटांनी पासवर्ड. मल्लेशला हसू आवरायचं नाही. त्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप जोडणी करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली, आत पासवर्ड उघडाच ठेवला आणि काकांना झेरॉक्सवर बसवलं.

"आता सगळं आपोआप, काका. तुमी आरामात बसा."

"लिंगपूजाबी आपोआप करणार का रं?" काकांनी विचारलं.

गेल्या सोमवारी मल्लेशला सुरक्षेचा झटका आला. पासवर्ड असा केंद्रात पडलेला नको, म्हणून त्याने ती स्क्रिप्ट परभणीच्याच फोल्डरमध्ये टाकली आणि पासवर्डची चिठ्ठी फाडली. किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतलं, आणि वर मलाच व्याख्यान दिलं!

गुरुवारी वीज गेली आणि इन्व्हर्टरही बंद पडला. कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, जोडणी तुटली. स्क्रिप्ट पलीकडे. पासवर्ड माहीत असलेले मालक श्रीशैलमला दर्शनाला गेलेले, त्यांचा फोन लागेना. समोर अनुपमा बसलेली. नर्सच्या भरतीचा अर्ज, मुदत पाचपर्यंत, गुणपत्रक फोल्डरमध्ये आणि मूळ प्रत कॉलेजात जमा. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटचीच भरती. साडेचार वाजले होते.

"सर्व्हरचा प्रॉब्लेम हाय," मल्लेश तिला म्हणाला. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. मीच काकांना हाक मारली.

मल्लेश पेन घेऊन सरसावला. "सांगा काका, लिहून घेतो."

"सांगता येत न्हाई मला. बोटांना येतंय. ऊठ."

काकांनी हात धुतले, खुर्चीत बसले आणि सावकाश चोवीस अक्षरं टाकली. फोल्डर उघडलं. चार बावन्नला अर्ज गेला. अनुपमा काकांच्या पाया पडताना रडली, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडले.

मल्लेश मात्र स्क्रीनवर वाकला. "स्क्रिप्ट सापडली की! काका, आता परत आपोआप करू."

काकांनी त्याच्यादेखत ती स्क्रिप्ट पुसून टाकली.

"गिऱ्हाईक उभं हाय," ते म्हणाले. "तू झेरॉक्सकडं बघ."